रेसच्या मैदानावरील पहिला दिवस

घोड्यांच्या शर्यतीला पहिल्या दिवशी सहसा कोणी एकटा जात नाही. नाटकाला मनुष्य एकटा जातो, देवळात एकटा जातो, फार काय, परगावच्या लग्नालाही एकटा जातो. परंतु रेसच्या मैदानावर प्रथम जावयाचे म्हणजे कोणी तरी नेणारा लागतो. कचेरीतील एखादा सहकारी, शेजारच्या बिऱ्हाडातील एखादा हौशी गृहस्थ, किंवा विद्यार्थिदशेतील एखादा जुना स्नेही ‘एकदा पाहावयास काय हरकत आहे?’ असे म्हणतो, आणि चौघे मित्र रविवारी दुपारी महालक्ष्मी स्टेशनावर उतरतात. हा केवळ योगायोग नव्हे. शर्यतीचा सारा इतिहासच मित्रमंडळीतून निघालेला आहे. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाशी लावलेली पैज हे तिचे मूळ. आणि ती पैज अनोळखी माणसांच्या गर्दीत गेल्यावर काय काय करावे लागले, हा तिचा पुढील इतिहास. मैदानावर नवख्या माणसास तराजू दिसतो, छापील पुस्तक दिसते, पंचांची जागा दिसते, पैशांच्या खिडक्या दिसतात. यांतील बहुतेक प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी अविश्वासातून जन्मास आली आहे, हे मात्र त्यास कोणी सांगत नाही.

घोडा हा प्राणी महाराष्ट्रास नवा नव्हता. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजेचा आधार होते. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद शाळेतील मुलांसही ठाऊक असतो. परंतु त्या घोड्याची परीक्षा मजलेवर होत असे. थोड्या दाण्यावैरणीवर किती कोस जातो, घाट कसा चढतो, रात्रीच्या कूचात दम टिकवतो की नाही, हे पाहिले जाई. गवताच्या आखीव धावपट्टीवर दोन-तीन मिनिटे धावण्याकरिता घोडा जन्मास घालावा, त्याची वंशावळ छापून ठेवावी आणि त्याच्या धावण्यावर हजारो लोकांनी पैसे लावावेत, ही पद्धत इंग्रजांबरोबर आली.

इंग्लंडातही तिचा आरंभ साधा होता. सतराव्या शतकात दुसरा चार्ल्स राजा न्यूमार्केट या गावी शर्यतीसाठी मुक्काम करी आणि स्वतः घोड्यावर बसून धावे. त्या काळी पुष्कळ शर्यती म्हणजे दोन सरदारांचे दोन घोडे आणि त्यांच्यामधील पैज, एवढाच प्रकार असे. दोघे एकमेकांस ओळखत, एकमेकांच्या तबेल्यात जात, आणि हरलेल्याने पैसे बुडविले तर त्याची अब्रू त्याच्याच वर्तुळात जाई. तेथे पंचाची गरज थोडी आणि पोलिसाची मुळीच नाही.

जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत, म्हणजे एप्सम येथील डर्बी, हीदेखील अशाच एका मित्रमंडळीतून निघाली. डर्बीचा बारावा अर्ल एप्समजवळ ‘ओक्स’ नावाच्या घरात पाहुण्यांची मंडळी जमवीत असे. इ. स. १७७९ मध्ये या मंडळींनी तीन वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे केवळ माद्यांची, एक शर्यत ठरविली आणि तिला घराचेच नाव दिले. ती स्वतः अर्लच्याच घोडीने जिंकली. पुढील वर्षी नर आणि माद्या दोघांसाठी नवी शर्यत करावयाची ठरली. तिला नाव अर्लचे द्यावे की त्याचे मित्र सर चार्ल्स बनबरी यांचे द्यावे, याचा निकाल नाणे उडवून लावला, अशी आख्यायिका आहे. दिनांक ४ मे १७८० रोजी ही पहिली डर्बी एक मैल अंतरावर धावली गेली. दीड मैलाचे अंतर इ. स. १७८४ पासून आले. गंमत अशी की, नाव अर्लचे लागले आणि बक्षीस बनबरीने नेले. त्याचा ‘डायोमेड’ हा घोडा पहिला आला.

अशा रीतीने मित्रांच्या पंक्तीतून उठलेली ही करमणूक बाविसाच वर्षांनी मुंबईत संघटित रूपाने दिसू लागली. मुंबईच्या टर्फ क्लबाची स्थापना इ. स. १८०२ ची. शर्यती त्या वेळी भायखळ्यास होत. ज्या सखल जमिनीवर त्या होत, तिचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुंबई ही बेटांची वस्ती होती, आणि महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील मोठ्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरून मधला सारा सखल भाग बुडवून टाकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात ती खिंड बांध घालून बंद करण्यात आली. त्या बांधावरील रस्ता पुढे हॉर्नबी वेलार्ड म्हणून ओळखला गेला. आज तोच लाला लजपतराय मार्ग होय. समुद्र मागे हटला म्हणून जमीन वर आली, आणि जमीन वर आली म्हणून इ. स. १८८३ साली शर्यतीचे मैदान भायखळ्याहून महालक्ष्मीस आणता आले. ज्या गवतावर घोडे धावतात, तेथे एके काळी भरतीची लाट धावत होती.

पुण्याचे मैदान याहूनही जुने. लष्कर भागातील ते मैदान इ. स. १८३० सालचे. पावसाळ्यात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पुण्यास मुक्कामास येई, त्याच्यामागून कचेऱ्या येत, कचेऱ्यांमागून साहेबलोक येत आणि साहेबांमागून घोडे येत. गव्हर्नर गेले, इलाखा गेला. पण हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे हा शर्यतीचा क्रम तसाच राहिला. सरकारची एखादी सवय सरकार गेल्यावरही कशी टिकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. इ. स. १९३५ मध्ये बादशहा पाचवा जॉर्ज याने या क्लबास ‘रॉयल’ ही पदवी दिली, आणि तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला.

आता त्या चौघा मित्रांबरोबर मैदानात जावे. दारातून आत शिरताच नवख्यास पहिली गोष्ट दिसते ती ही की, आवारे निरनिराळी आहेत. सभासदांची जागा निराळी, अधिक दराच्या तिकिटाची निराळी आणि कमी दराच्या तिकिटाची निराळी. पारशी शेठजी, गुजराती व्यापारी, अरब सौदागर, गोरा अंमलदार आणि गिरणीतला मराठी कारकून हे सर्व पूर्वी एकाच मैदानावर एकाच घोड्याकडे पाहत, परंतु एका बाकावर बसत नसत. तरीही दुसऱ्या कोणत्या एका ठिकाणी त्या काळची मुंबई इतकी सगळी एकत्र दिसत असेल, असे वाटत नाही.

नंतर मित्र त्यास पॅडॉककडे नेतात. शर्यतीपूर्वी घोडे गोल फिरवून दाखविण्याचे हे कुंपण. मोतद्दार लगाम धरून पुढे चालतो, घोडा मान उडवीत मागून येतो, आणि कुंपणाभोवतीचे लोक डोळे बारीक करून त्याच्या खुरांकडे, छातीकडे, अंगावरील घामाकडे पाहतात. नवख्यास सर्व घोडे सारखेच सुंदर दिसतात. एकोणिसाव्या शतकात असा मनुष्य मुंबईत आला असता, तर त्यास येथे अरबी घोडे पुष्कळ दिसले असते. इराणी आखातातून, विशेषतः बसऱ्याहून, जहाजांनी घोडे मुंबईस उतरत, आणि मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी पेठ होती. फौजेस घोडे लागत, संस्थानिकांस लागत आणि शर्यतीसही लागत. पुढे ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ घोडे येऊ लागले आणि इंग्लंडातून थरोब्रेड आले. पण थरोब्रेड म्हणजे तरी काय? इंग्लंडात नेलेल्या पूर्वेकडील तीन नर घोड्यांपर्यंत त्या साऱ्या जातीचा पितृवंश पोचतो. त्यांतील एक, डार्ली अरेबियन, हा इ. स. १७०४ मध्ये अलेप्पोहून नेलेला होता, आणि आजच्या बहुसंख्य शर्यतीच्या घोड्यांचा मूळपुरुष तोच होय. म्हणजे साहेबाने अभिमानाने जहाजावरून आणलेला विलायती घोडा हाही अरबांच्याच वंशातला निघाला.

ही वंशावळ लिहून ठेवण्याचे पुस्तक इंग्लंडात इ. स. १७९१ साली प्रथम निघाले. वरवर पाहता हा कुलाभिमानाचा प्रकार वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी फसवणुकीची भीती आहे. ओळखीच्या माणसाचा घोडा ओळखू येतो, अनोळखी माणसाचा कसा ओळखावा? ही भीती किती खरी होती, हे इ. स. १८४४ च्या डर्बीने दाखविले. ही शर्यत केवळ तीन वर्षांच्या घोड्यांची. त्या वर्षी ‘रनिंग रेन’ नावाचा घोडा पहिला आला. परंतु हा घोडा त्या नावाचा नसून ‘मॅकॅबीअस’ नावाचा चार वर्षांचा घोडा आहे, असा संशय आधीपासून घेतला जात होता. घोड्यांत एक वर्षाचा फरक म्हणजे शाळेतील मुलाच्या कुस्तीत तरणा गडी उतरविण्यासारखे. प्रकरण न्यायालयात गेले. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याने पुष्कळ खटपट करून पुरावा जमविला. घोड्याचे वय दातांवरून कळते, तेव्हा न्यायाधीशाने सरळ घोडाच हजर करावयास सांगितले. घोडा काही हजर झाला नाही. दावा बुडाला, आणि दुसरा आलेला ‘ऑर्लँडो’ विजयी ठरला. एवढ्या मोठ्या खटल्यात मुख्य साक्षीदार चार पायांचा असावा आणि तोच फरारी व्हावा, असे उदाहरण कायद्याच्या इतिहासात विरळाच.

पॅडॉकच्या पलीकडे तराजू असतो. प्रत्येक जॉकी खोगिरासह त्यावर बसतो आणि शर्यत संपल्यावर पुन्हा त्याचे वजन होते. नवखा हसतो, मनुष्य काही पाच मिनिटांत वाळत नाही, असे त्यास वाटते. परंतु बलवान घोड्यावर जास्त भार आणि दुबळ्यावर कमी भार घालून सर्वांस सारखी संधी द्यावयाची, ही यातील कल्पना आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ॲडमिरल राऊस याने वयाप्रमाणे व ऋतूप्रमाणे किती वजन घालावे, याची कोष्टके बसविली. निवृत्त आरमारी अधिकाऱ्याने घोड्यांचे गणित मांडावे हे चमत्कारिक खरे, परंतु ते गणित टिकले. वाटेत एखाद्या जॉकीने शिशाचा तुकडा काढून टाकला तर सारा हिशेब चुकतो, म्हणून वजन दोनदा.

एवढे पाहून झाल्यावर मित्र त्यास पैशांच्या जागी नेतात, आणि येथे दिवसाचा खरा कस लागतो. पैज दोन ठिकाणी लागते. एक बुकीपाशी. बुकी फळ्यावर भाव लिहितो आणि त्या भावाने देणे-घेणे करतो. हा धंदा इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस उदयास आला. सरदारांनी आपसांत पैज लावण्याऐवजी एकच मनुष्य उभा राहून सर्वांशी पैज लावू लागला. आता समोरचा मित्र राहिला नाही, दुकानदार झाला. हा दुकानदार पैसे देईल ना, ही नवी धास्ती निर्माण झाली.

दुसरी जागा टोटची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे जोसेफ ऑलर याने युक्ती काढली की, सर्वांचे पैसे एका राशीत टाकावेत, ठराविक भाग कापून घ्यावा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटून द्यावी. म्हणजे फसविणारा मधला मनुष्यच नको. परंतु हजारो तिकिटांचा हिशेब काही मिनिटांत कोण करणार? ऑस्ट्रेलियातील जॉर्ज ज्यूलियस नावाच्या इंजिनियराने निवडणुकीतील मते मोजण्याकरिता एक यंत्र योजिले होते. सरकारने ते घेतले नाही. त्याने तेच यंत्र शर्यतीच्या पैशांस जुळवून घेतले, आणि इ. स. १९१३ मध्ये न्यूझीलंडातील ऑकलंडच्या मैदानावर ते प्रथम बसले. लोकांची मते मोजावयास जे यंत्र नाकारले गेले, ते लोकांच्या आशा मोजावयास स्वीकारले गेले.

यंत्र प्रामाणिक आहे. परंतु प्रामाणिक यंत्राचाही हिशेब नीट पाहिला पाहिजे. समजा, एका दिवशी मैदानावरील सर्वांनी मिळून पहिल्या शर्यतीवर १०० रुपये लावले, आणि कर व खर्च मिळून शेकडा २० कापले गेले. वाटले गेले ८०. ते सगळे ८० लोकांनी दुसऱ्या शर्यतीवर लावले, तर हाती आले ६४. तिसरीनंतर ५१, चौथीनंतर ४१, पाचवीनंतर ३३, आणि सहावीनंतर २६ रुपये व काही पैसे. दिवसाच्या आरंभी शंभर घेऊन आलेला समुदाय संध्याकाळी सव्वीस घेऊन परततो. आणि यात कोणीही कोणास फसविलेले नाही. एखादा दुसरा मनुष्य खिसा भरून जाईल, पण तो इतरांच्या खिशातून. त्रैराशिक शिकलेल्या मुलासही हे गणित सुटेल. परंतु रेसच्या मैदानावर ते करावयास कोणी थांबत नाही, कारण तेवढ्यात पुढील शर्यतीची घंटा होते.

कायद्याची या बाबतीतील भूमिका मजेदार आहे. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा इ. स. १८८७ चा, आणि शर्यतीच्या मैदानांस परवाना लागेल असे ठरविणारा कायदा इ. स. १९१२ चा. या दोहोंचा इत्यर्थ असा की, शर्यतीच्या दिवशी, परवाना असलेल्या मैदानाच्या नेमलेल्या आवारात लावलेली पैज चालते. तीच पैज त्याच घोड्यावर गल्लीतील पानाच्या दुकानापाशी लावली तर तो गुन्हा. पाप-पुण्याची सीमा येथे मनुष्याच्या मनात नसून कुंपणाच्या तारेत आहे. पुढे मद्रासकडे इ. स. १९७४ मध्ये शर्यतीवरील पैजाच बंद करणारा कायदा झाला. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि इ. स. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कौशल्य आहे यात शंका नाही. घोडा वाढविणाऱ्याचे आहे, शिकविणाऱ्याचे आहे, जॉकीचे आहे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या नवख्याचे किती, हा प्रश्न उरतोच.

कारण नवखा घोड्यावर पैसे लावीत नाही. तो मित्राच्या शब्दावर लावतो. मित्र त्यास बाजूस घेऊन कानात सांगतो की, तिसऱ्या शर्यतीत अमुक घोडा, खात्रीची बातमी आहे, तबेल्यातून आली आहे. यालाच टिप म्हणतात. शर्यतीने खोट्या घोड्याविरुद्ध वंशावळ काढली, चोरलेल्या वजनाविरुद्ध तराजू ठेवला, बुडव्या बुकीविरुद्ध यंत्र बसविले. परंतु मित्राच्या कुजबुजीविरुद्ध अजून कोणतेही साधन निघालेले नाही. मित्र लबाड असतो असे नव्हे. तो बिचारा स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवून असतो. पण जाणत्यांची जाणही केवढी? पहिली डर्बी जिंकणारा डायोमेड म्हातारा झाल्यावर इ. स. १७९८ मध्ये एकवीस वर्षांचा असताना पन्नास गिनींस अमेरिकेत विकला गेला. इंग्लंडातील जाणत्यांच्या लेखी तो निकामी होता. अमेरिकेत तो आणखी दहा वर्षे जगला, आणि त्याच्या संततीतून तिकडच्या शर्यतीच्या घोड्यांचे एक मोठे घराणे उभे राहिले. ज्यांचा जन्म तबेल्यात गेला त्यांची ही गत, तर तबेल्याच्या बाहेर कानात आलेल्या बातमीची काय कथा!

त्यातून पहिल्या दिवशी नवखा हरला तर त्याचे भाग्य. दहा-वीस रुपयांत शिक्षण झाले, असे म्हणून तो घरी येतो आणि पुढील रविवारी मुलांस राणीच्या बागेत नेतो. खरे भय जिंकण्याचे आहे. पहिल्याच दिवशी अल्प पैशांचे पुष्कळ झाले, की त्यास वाटते, इतके दिवस आपण उगाच कचेरीत मान मोडीत होतो. मग रविवार ठरून जातात, घरात खोटे सांगितले जाते, वाण्याची उधारी वाढते, आणि ज्या मित्राने नेले तोच एके दिवशी ‘आता पुरे’ म्हणतो, तर त्याच्याशीच वैर होते. मुंबईच्या चाळीचाळींतून ही कहाणी ज्ञात आहे. तिला नावाची गरज नाही.

तथापि शर्यत सुरू झाली की हे सर्व विसरले जाते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दूरवर रंगीत टोप्यांची एक रेघ हलताना दिसते, क्षणभर काही ऐकू येत नाही, आणि मग वळणावरून घोडे सरळ मार्गावर येताच खुरांचा आवाज पायांखालच्या जमिनीतून येतो. पैसे न लावलेला मनुष्यही त्या वेळी उभा राहतो. निकालाचे बाबतीतही मनुष्याच्या डोळ्यावर फार दिवस विसंबून राहिले नाहीत. रेषेवर छायाचित्र घेण्याची पद्धत विसाव्या शतकात आली, आणि इ. स. १९४९ ची एप्समची डर्बी अशा छायाचित्रानेच ‘निंबस’ या घोड्याच्या बाजूने ठरली.

मुंबईत याच सुमारास एक मोठा बदल घडत होता. इ. स. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असता, हिंदुस्थानात जन्मलेल्या घोड्यांची डर्बी महालक्ष्मीस सुरू झाली. पहिला मान बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीस मिळाला. तिच्यावरील जॉकी एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन होता. घोडी देशी, मालक देशी, परंतु लगाम परक्या हातात, अशी ही स्थिती. इ. स. १९४९ मध्ये पांडू खाडे याने ‘बलम’वर बसून ही शर्यत जिंकली आणि डर्बी जिंकणारा पहिला हिंदी जॉकी हा मान मिळविला. स्वराज्य येऊन दोनच वर्षे झाली होती. कमी दराच्या आवारातील टाळ्यांस त्या दिवशी निराळा अर्थ असणार.

संस्थानिकांची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या ‘विंडसर लॅड’ने इ. स. १९३४ मध्ये एप्समची डर्बी जिंकली. बडोदेकरांनी इंग्लंडात एक शिंगरू २८,००० गिनींस घेतले आणि त्याला ‘सयाजीराव’ हे आपल्या आजोबांचे नाव दिले. इ. स. १९४७ च्या सप्टेंबरात या घोड्याने सेंट लेजर ही थोर शर्यत जिंकली. ज्या सयाजीरावांनी आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि गावोगाव ग्रंथालये नेली, त्यांचे नाव इंग्लंडात शर्यतीच्या फलकावर झळकले. प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या नावाने बडोद्यास विश्वविद्यालयही स्थापन केले, हे त्यांच्या पुण्याईच्या बाजूस लिहिले पाहिजे. परंतु इ. स. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. रेसच्या मैदानावर जिंकलेले सारे बाहेर टिकते असे नाही.

तरीही या मैदानातून केवळ हानीच निघाली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पुण्याजवळ इ. स. १९४६ मध्ये पूनावाला कुटुंबाने शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. त्यांचे निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात, कारण धनुर्वातावरील लस-रक्तजल घोड्याच्या रक्तापासून तयार करीत. हे काम स्वतःच का करू नये, या विचारातून इ. स. १९६६ मध्ये पुण्यास सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिच्या लशी पुढे साऱ्या जगातील मुलांपर्यंत पोचल्या. शर्यतीत मागे पडलेल्या घोड्यांनी जे जिंकून दिले, ते पुढे आलेल्या घोड्यांस कधी साधले नाही.

महालक्ष्मीच्या मैदानाचेही दिवस पालटत आहेत. सुमारे २११ एकरांच्या त्या जमिनीपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घ्यावेत आणि ९१ एकर क्लबाकडे राहावेत, असा निर्णय इ. स. २०२४ मध्ये झाला. समुद्राकडून घेतलेली जमीन शंभराहून अधिक वर्षे कुंपणात राहिली. तिचा मोठा भाग आता तिकिटावाचून सर्वांस मोकळा होण्याच्या मार्गावर आहे.

मित्रांबरोबर एक दिवस शर्यत पाहावयास जाणे यात स्वतः काही वाईट नाही. घोडा हा सृष्टीतील सुंदर प्राण्यांपैकी एक आहे, आणि तो धावताना पाहणे हे डोळ्यांचे सुख आहे. नेणाऱ्या मित्राने एवढेच करावे की, नवख्यास आधी पॅडॉक दाखवावा, तराजू दाखवावा, कुंपणाशी उभे करून खुरांचा आवाज ऐकवावा, आणि खिडकीकडे सर्वांत शेवटी न्यावे. न नेले तर अधिकच उत्तम. तीनशे वर्षे माणसांनी एकमेकांवर विश्वास नाही म्हणून एवढे नियम रचले. त्या साऱ्या नियमांनी जे साधले नाही, ते एका चांगल्या मित्राच्या ‘आज नको’ एवढ्या दोन शब्दांनी साधते.